भाव कळला, पण गाडी कुठे आहे?



गावात काही नवे यंत्र किंवा नवी सोय आली की ती समजावून सांगायला आम्हा शेतीखात्याच्या माणसांना पुढे केले जाते. माझी नोकरीची बरीच वर्षे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत गेली. शिरूरची कोरडवाहू गावे, घोड आणि भीमेच्या काठचा ऊस, केडगावकडची गुऱ्हाळे, हा सगळा मुलूख मी फटफटीवरून फिरलो आहे. या फिरतीत ठिबक आले, मोबाईल आला, आणि आता तर पानपट्टीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत जिकडे तिकडे मोबाईलने पैसे घेण्याचा ठिपक्यांचा फलक लागला. प्रत्येक वेळी मी हौसेने सांगत आलो की हे घ्या, यात तुमचे कल्याण आहे. दोन वेळा मात्र माझे सांगणे अपुरे पडले. एकदा त्यातून शेतकऱ्याच्या पदरात काही पडले नाही, आणि दुसऱ्यांदा एका बाईचा चांगला चाललेला धंदा अडचणीत आला. त्या दोन गोष्टी आज तुम्हांला सांगतो. याच प्रश्नाचा आपल्या राज्यात आणि बाहेर ज्यांनी बारकाईने अभ्यास केला, त्यांना काय आढळले तेही सांगतो. तुमच्या घरात पुढच्या महिन्यात एखादे नवे यंत्र घ्यायचे घाटत असेल, तर त्याचा उपयोग व्हावा.

पन्नास पिशव्या कांदा

गोष्ट २०१० च्या सुमाराची. मोबाईलवर बाजारभावाचे संदेश येऊ लागले होते. आकाशवाणीवर भाव आपण पूर्वीपासून ऐकत होतो. पण आपल्याच पिकाचा, हव्या त्या बाजाराचा भाव खिशात येऊन पडावा, ही नवलाई होती. मी सभांतून सांगत असे, "आता आडत्याच्या तोंडाकडे बघायचे कारण नाही. भाव तुमच्या हातात आहे."

शिरूरच्या पूर्व भागातील एका वस्तीवर एक वयस्कर शेतकरी होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांच्या चाळीतला पन्नास पिशव्या, म्हणजे पंचवीस क्विंटल कांदा निवडून तयार होता. मी गेलो त्या सकाळी संदेश आला की चाकणला शिरूरपेक्षा क्विंटलमागे ९० रुपये जास्त आहेत. मी म्हणालो, "अण्णा, या खेपेला चाकणला घाला."

अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, भाव कळला. पण गाडी कुठे आहे?"

मग ओट्यावर बसून आम्ही हिशेब मांडला. २५ क्विंटलला ९० रुपयांप्रमाणे २,२५० रुपये जास्त येणार. चाकणचे भाडे शिरूरपेक्षा १,८०० रुपयांनी जास्त. राहिले ४५०. त्यात अण्णांचा एक पूर्ण दिवस, कदाचित मुक्काम, आणि खाणेपिणे. शेवटची गोष्ट त्यांनी जरा हळू आवाजात सांगितली. लागवडीच्या वेळी रोपांसाठी आणि खतासाठी त्यांनी नेहमीच्या आडत्याकडून आठ हजारांची उचल घेतली होती. माल दुसरीकडे गेल्याचे कळले, तर पुढच्या साली ती उचल मिळण्याची आशा नव्हती. अण्णांनी कांदा नेहमीच्याच जागी घातला.

मला तेव्हा वाटले, की हा माणूस जुन्या वळणाचा आहे, आपण काय करणार? पण हिशेब चुकला होता तो माझाच. मी एका बातमीच्या जोरावर त्यांना मोकळे समजत होतो, आणि भाडे, मालाचा आकार व उचल या तीन दाव्यांनी ते बांधलेले होते.

शंभर गावांचा अभ्यास

अण्णांसारखेच पुष्कळांचे झाले होते, हे मला पुढे समजले. २००७ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने महाराष्ट्रात मोबाईलवरून बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला देणारी सेवा सुरू केली होती. तिचा शेतकऱ्याला प्रत्यक्ष किती लाभ होतो, हे मार्सेल फाफशॅम्प्स आणि बार्ट मिंटेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तपासले. त्यांनी पुणे, नाशिक, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), धुळे आणि सांगली या पाच जिल्ह्यांतली १०० गावे घेतली. काही गावांतल्या शेतकऱ्यांना ही सेवा वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि दोघांची तुलना केली. आपण खताचा प्लॉट आणि बिनखताचा प्लॉट शेजारी शेजारी ठेवून बघतो, तीच ही रीत.

निष्कर्ष २०१२ साली छापून आला. संदेश मिळालेल्या शेतकऱ्यांना सरासरीने जास्त भाव मिळाला, असे दिसले नाही. पिकाची नासाडी कमी झाली, असेही दिसले नाही. शेतकऱ्यांनी संदेश वाचले नाहीत असे नव्हे. काहींनी बाजार बदलून पाहिला, काहींनी मालाची प्रतवारी केली, पण त्याचा परिणाम थोडा होता.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाईलचे मनोरे उभे राहिले. मनोरे किनाऱ्यालगत असल्याने होडी समुद्रात काही अंतरावर असतानाही फोन लागे. त्या आधी काय होत असे? जानेवारी १९९७ मध्ये एके सकाळी बडगरा या गावी ११ मच्छीमारांना गिऱ्हाईकच मिळेना, म्हणून त्यांनी पकडलेली मासळी टाकून दिली. त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या किनाऱ्यांवर २७ खरेदीदार मासळी न मिळाल्याने रिकाम्या हातांनी परतत होते. फोन आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच विचारू लागले की आज कोठे उतरू. रॉबर्ट जेन्सन या अभ्यासकाने २००७ साली याचा हिशेब मांडला. मासळी टाकून देणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, आणि खाणाऱ्यालाही मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली.

फोन दोन्हीकडे होता. मग एकीकडे नफा वाढला आणि दुसरीकडे भाव जागच्या जागी का राहिला? माझ्या मते उत्तर अण्णांच्या प्रश्नातच आहे. मच्छीमाराजवळ होडी होती आणि तो मालासह वाटेवरच होता. थोडे इंधन जास्त जाळले की दुसरा किनारा गाठता येई. उणीव होती ती बातमीची, आणि फोनने नेमकी तीच भरून काढली. अण्णांजवळ बातमी आली, पण गाडी, मालाचा आकार आणि हातातले भांडवल ही उणीव तशीच राहिली.

वारणेकाठचा धडा

सहकाराच्या बालेकिल्ल्यातले उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोल्हापूरकडे वारणानगरच्या परिसरात १९९८ साली ७० गावांत संगणक केंद्रे बसवण्याची योजना सुरू झाली. पिकांची माहिती, बाजारभाव, सरकारी कामे, असे पुष्कळ बेत त्यात होते. काही वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा ही केंद्रे मुख्यतः एकाच कामासाठी वापरली जात असल्याचे दिसले. ते काम म्हणजे उसाचा हिशेब: वजन किती झाले, खताची मागणी किती. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील प्रयोगशाळेने सात गावांत संगणकाच्या जागी साधे मोबाईल संदेश वापरून तेच काम करून पाहिले. ते स्वस्तात आणि चांगले झाले.

तुम्ही ऊस घालणारे असाल, तर याचे नवल वाटणार नाही. उसाच्या हिशेबामागे कारखाना होता, काटा होता, वजनपावती होती, आणि सभासदाला त्या आकड्याची खरी गरज होती. बाकीच्या बेतांमागे असे काही उभे नव्हते. त्या प्रयोगशाळेच्या उभारणीत भाग घेतलेले केंतारो तोयामा यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात हाच विचार मांडला आहे. माणसांजवळ आणि संस्थांजवळ जी ताकद आधीच असते, तिला यंत्र मोठे करते. जी मुळातच नाही, ती यंत्र निर्माण करू शकत नाही. आपल्याकडे याला पिढ्यान् पिढ्या एक म्हण आहे: आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

हे सगळे वाचून मला वाटले, की आता आपल्याला समजले. तसे नव्हते. दुसरा धडा बाकी होता.

ताईंचा डबा

२०२० साली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना सुरू झाली. घरगुती आणि लहान अन्नप्रक्रिया धंद्याला पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, असे कर्जाला जोडलेले अनुदान त्यात ठेवले होते. अर्ज करून घेण्याचे काम आमच्या खात्याकडे आले. दौंड तालुक्यात केडगावच्या बाजूला बचत गटातल्या एक ताई होत्या. त्यांची पिठाची गिरणी होतीच. त्यांनी कर्ज काढून मिरची कांडपाचे यंत्र घेतले. पदराला मसाला, शेंगदाण्याची चटणी असे पदार्थही जोडले. धंदा चांगला चालला.

ताई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण त्यांचा शिरस्ता एखाद्या जुन्या पेढीवाल्याने शिकावा असा होता. दिवसाचे पैसे एका डब्यात पडत. रात्री त्या डबा पालथा करून तीन पुरचुंड्या बांधत. एक वीजबिल व दुरुस्तीची, एक बँकेच्या हप्त्याची, आणि एक पुढची मिरची घेण्याची. उरेल ते घराला.

एकदा मी त्यांना म्हणालो, "ताई, सगळीकडे मोबाईलने पैसे देतात. सुट्ट्या पैशांची कटकट नको. तुम्हीही फलक लावून घ्या." फलक बसवणाऱ्या मुलाला मीच त्यांच्याकडे पाठवले. त्याने फोनचा नंबर विचारला. ताईंजवळ फोन नव्हता, म्हणून मालकांचा नंबर मीच सांगितला. अर्ध्या तासात फलक लागला. पैसे आल्याचे बोलून सांगणारी डबीही बसली. मी चहा घेऊन समाधानाने निघालो.

सहा-सात महिन्यांनी ताई कार्यालयात आल्या. बँकेचे दोन हप्ते चुकले होते.

"साहेब, गिऱ्हाईक पहिल्यापेक्षा जास्त आहे, पण माझा डबा रिकामा आहे."

"मग पैसे जातात कुठे?"

"ती डबी दिवसभर बोलते, इतके रुपये मिळाले म्हणून. कोणाला मिळाले, ते काही ती सांगत नाही."

पैसे मालकांच्या खात्यात पडत होते. मालक काही व्यसनी किंवा उधळे नव्हेत. विहिरीवरची मोटर जळाली, ती भरून आणली. खत घेतले. मुलाची फी भरली. मी त्यांना बोलावून घेतले, तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "खात्यात पैसे दिसले की मला ते शेतीचेच वाटायचे." खोटे काही नव्हते त्यात. पण फाल्गुन-चैत्रात, मिरची भरपूर येते आणि घाऊक घेऊन ठेवायची असते, तेव्हा ताईंच्या तिसऱ्या पुरचुंडीत काही नव्हते. त्यांनी मिरची उधारीवर, चढ्या दराने घेतली. गटातल्या बायकांपुढे मान खाली घालावी लागली ती वेगळीच.

डब्याला कुलूप नव्हते, पण तो ताईंचा होता. मी एका नंबरासरशी तो त्यांच्या हातून काढून घेतला, आणि वर ती सुधारणा समजत होतो.

मग बँकेत ताईंचे स्वतःचे खाते होते ते चालू करून घेतले. त्यांच्या नावाने सिमकार्ड घेतले, खात्याला तो नंबर जोडला, मुलीचा जुना फोन दुरुस्त केला, आणि नवा फलक लावला. या कामी बँकेच्या तीन खेपा झाल्या. शिल्लक कशी बघायची, हे मुलीने आईला चार संध्याकाळी बसून शिकवले. हप्ते हळूहळू भरून निघाले, पण त्या हंगामाचा नफा मात्र गेला तो गेलाच.

हा पैसा कोणाचा?

ही गोष्ट फक्त ताईंची नाही. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. पहिल्या अर्जाच्या वेळी, सभासद बायका निरक्षर आहेत म्हणून परवाना नाकारला गेला होता. बायकांनी लिहा-वाचायला शिकून पुन्हा अर्ज केला आणि परवाना मिळवला. पुढे याच बँकेत मोबाईल व कार्डाचे व्यवहार आणायचे ठरले, तेव्हा बायकांनी गुप्त आकड्याला हरकत घेतली. आकडा घरातल्या कोणीही काढून घेईल आणि पैसे काढील, आम्हांला अंगठ्याचा ठसा द्या, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्र बनवणाऱ्याच्या ध्यानात जे आले नव्हते, ते त्या बायकांच्या लगेच ध्यानात आले. मी ताईंना आधी विचारले असते, तर त्यांनीही मला हेच सांगितले असते.

मध्य प्रदेशातही असा एक अभ्यास झाला आहे. रोजगार हमीच्या कामाची मजुरी काही गावांत बायकांच्या स्वतःच्या खात्यावर जमा केली, आणि खाते कसे वापरायचे याचे शिक्षणही दिले. २०२१ साली छापलेल्या निष्कर्षाप्रमाणे त्या बायका पुढे जास्त काम करू लागल्या, रोजगार हमीबाहेरचेही. आफ्रिकेतल्या केनिया देशात २००७ साली मोबाईलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा ही सोय सुरू झाली. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी २०१६ साली काढलेल्या अंदाजाप्रमाणे तिच्यामुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे दारिद्र्यातून वर आली, आणि सुमारे १ लाख ८५ हजार बायका पोटापुरत्या शेतीतून लहानमोठ्या धंद्याकडे वळल्या. म्हणजे मोबाईलचा पैसा वाईट, असे मी मुळीच म्हणत नाही. तो कोणाच्या हाती पडतो, यावर पुढचे सगळे ठरते.

घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

वाचकहो, नवे यंत्र घेऊ नका, असे सांगायला हा लेख लिहिलेला नाही. घेण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी, आणि ज्या माणसाचा तो धंदा आहे त्याने मुख्यतः, एका संध्याकाळी बसून चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत, एवढेच सांगणे आहे.

पहिला प्रश्न: माझ्या धंद्यात आज नेमकी उणीव कशाची आहे? बातमीची, हातांची, भांडवलाची की गिऱ्हाइकाची? यंत्र त्याच उणिवेवर आहे का?

दुसरा: हे आल्यावर उद्या मी असे काय करू शकेन, जे आज करता येत नाही? भाव कळल्यावर माल तिकडे न्यायला गाडी आहे का? की उचलीने हात बांधलेले आहेत?

तिसरा: खाते, नंबर, पावती, कागद कोणाच्या नावावर? जो राबतो त्याच्या, की ज्याच्याजवळ फोन आहे त्याच्या?

चौथा: दरमहा भाडे, वीज, दुरुस्ती मिळून खर्च किती? बिघडले तर दुरुस्त करणारा शिरूर-दौंडात आहे, की पुण्याहून यायचा? यंत्र घेण्याआधी एक महिना आणि घेतल्यानंतर एक महिना जमाखर्च लिहून ठेवा. शेजारी शेजारी प्लॉट ठेवल्यासारखे फळ आपोआप दिसेल.

अण्णांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. दोन वर्षांनी त्या वस्तीवरच्या चौघांनी कांदा एकत्र निवडला, एकसारखा भरला, आणि १०० क्विंटलचा एक ट्रक करून चाकणला नेला. त्या दिवशी भावात ८० रुपयांचा फरक होता. ८,००० रुपये जास्त आले, भाड्याचे ४,२०० जास्त गेले, आणि क्विंटलमागे ३८ रुपये हाती राहिले. फार मोठी रक्कम नव्हे, पण मोबाईलवरचा तो संदेश त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडला. पाचव्या एकालाही बरोबर यायचे होते. त्याची उचल फिटलेली नव्हती, म्हणून तो आला नाही. त्याची अडचण कोणताही फोन सोडवणार नव्हता. तिला सोसायटीचे वेळेवर मिळणारे पीककर्ज हाच उपाय होता, आणि पुढच्या हंगामात त्या कागदांच्या मागे मी स्वतः लागलो.

अर्ज मी अजूनही भरून देतो. मोबाईल क्रमांकाच्या रकान्यापाशी आलो की पेन थांबवतो आणि समोर बसलेल्या बाईंना विचारतो, "ताई, हा नंबर कोणाचा?"